रुग्ण कमी झाले की तपासण्या? महासाथीतल्या लैंगिक आरोग्य क्लिनिकांकडून शिकण्यासारखं

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षातली गोष्ट. आमच्या जर्नल क्लबमध्ये मी मोठ्या आत्मविश्वासाने एक आकडा सांगितला होता. २०१९ च्या तुलनेत २०२० मध्ये इंग्लंडमधली लैंगिक संसर्गांची निदानं ३२ टक्क्यांनी घटली. पुढे मीच निष्कर्षही काढून टाकला, की लॉकडाउनमध्ये लोक भेटले नाहीत, म्हणून संसर्ग कमी झाला. मॅडमनी शांतपणे विचारलं, "दोन्ही वर्षी मोजायची पट्टी एकच होती का?"

मला उत्तर देता आलं नाही. ते शोधायला पुढचे कित्येक दिवस गेले. तुमच्यापैकी जे संशोधनाची तयारी करताय, त्यांना तो शोध उपयोगी पडेल, म्हणून आज त्याबद्दल लिहितो आहे.

आधी क्लिनिक कसं चालायचं?

इंग्लंडमधली लैंगिक आरोग्य क्लिनिकं मोफत असतात. फॅमिली डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही आणि माहिती गुप्त राहते. कित्येक ठिकाणी अपॉइंटमेंटशिवाय थेट जाऊन रांगेत बसता यायचं. २३ मार्च २०२० ला लॉकडाउन जाहीर झाला आणि गच्च भरलेली वेटिंग रूम हाच धोका ठरला. शिवाय या क्लिनिकांमधले बरेच डॉक्टर आणि नर्स कोविड वॉर्डांत पाठवले गेले. माणसं कमी, जागा कमी, आणि गरज मात्र संपलेली नाही. मग क्लिनिकांनी काय केलं?

पहिला बदल म्हणजे, आधी फोन. नर्स किंवा डॉक्टर फोनवर लक्षणं विचारत आणि तीन गट पाडत. काहींना प्रत्यक्ष यावंच लागे: तीव्र पोटदुखी, जखमा, गरोदरपणातला संसर्ग, लैंगिक अत्याचार, किंवा एचआयव्हीचा संपर्क झाल्यावर ७२ तासांच्या आत सुरू करायची औषधं. काहींना गोळ्या पोस्टाने पाठवता येत. आणि ज्यांना लक्षणं नाहीत, फक्त तपासणी हवी आहे, त्यांना घरीच नमुना घ्यायचं किट मिळे.

हे किट महासाथीत जन्मलेलं नाही, हे लक्षात घ्या. लंडनच्या लॅम्बेथ आणि सदर्क भागांत त्याची यादृच्छिक चाचणी आधीच झाली होती. तिचा पेपर २०१७ मध्ये आला. १६ ते ३० वयाच्या सुमारे दोन हजार जणांपैकी निम्म्यांना ऑनलाइन किट मागवायची लिंक दिली, उरलेल्यांना जवळच्या क्लिनिकांची यादी. सहा आठवड्यांत पहिल्या गटात ५० टक्के लोकांनी तपासणी केली, दुसऱ्यात सुमारे २७ टक्के. तपासणी वाढते हे स्पष्ट दिसलं. निदान झालेल्यांच्या संख्येतला फरक मात्र ठामपणे सांगण्याइतका नव्हता. म्हणजे महासाथ आली तेव्हा कल्पना तयार होती, पुरावाही काही प्रमाणात होता. प्रसार मात्र एका झटक्यात झाला.

किटला काय दिसतं, काय दिसत नाही

इथे आपल्या विषयाचं विज्ञान येतं. किटमध्ये लघवीची बाटली किंवा स्वॅब असतो, आणि बोटाला टोचून रक्ताचे थेंब गोळा करायची छोटी नळी. स्वॅबमधून क्लॅमिडिया आणि गनोरिया (आपल्याकडे ज्याला परमा म्हणतात) शोधतात, रक्तातून एचआयव्ही आणि सिफिलिस (गरमी).

स्वॅबवरची चाचणी जंतूचा न्यूक्लिक अॅसिडचा तुकडा वाढवून ओळखते. त्यासाठी जंतू जिवंत असावा लागत नाही, म्हणून तो पोस्टाने गेला तरी चालतो. पण गनोरियाचा जंतू कोणत्या अँटिबायोटिकला दाद देत नाही हे नेहमीच्या पद्धतीने बघायचं असेल, तर तो प्लेटवर वाढवावा लागतो. त्याला जिवंत जंतू हवा, म्हणजेच क्लिनिकमध्ये घेतलेला ताजा नमुना हवा. भेटी कमी झाल्या की निदान चालू राहतं, पण औषधरोधावरची नजर अधू होते.

उपचाराचंही तसंच. क्लॅमिडियासाठी डॉक्सिसायक्लिनच्या सात दिवसांच्या गोळ्या पोस्टाने जाऊ शकतात. गनोरियासाठी सेफ्ट्रिअॅक्सोनचं इंजेक्शन लागतं. ते पाकिटात घालून पाठवता येत नाही.

सिफिलिसची गंमत आणखी वेगळी. एकदा होऊन बरा झालेल्या माणसाच्या रक्तात काही अँटिबॉडी बहुधा आयुष्यभर राहतात. किटचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणजे आजचा आजार, असं म्हणता येत नाही. त्यासाठी पुन्हा रक्त द्यावं लागतं, जुने रिपोर्ट बघावे लागतात. आणि जननेंद्रियावरचे चामखीळ किंवा हर्पिसचे फोड? ते मुख्यतः डोळ्यांनी बघूनच ओळखतात. या किटमध्ये त्यांची तपासणीच नसते.

आता आकडे पुन्हा वाचूया

एकूण घट ३२ टक्के. पण आजारवार बघा. डोळ्यांनी ओळखायच्या चामखिळींची नवी निदानं जवळपास निम्म्याने कमी झाली. हर्पिसची सुमारे ४० टक्क्यांनी. किटमध्ये सापडणाऱ्या गनोरियाची मात्र सुमारे २० टक्क्यांनी.

संसर्ग फक्त लोक न भेटल्यामुळे घटला असता, तर आजारांमध्ये एवढी तफावत का पडावी? वेगवेगळे जंतू वेगवेगळ्या वेगाने पसरतात हे खरं. पण घसरण साधारण त्याच क्रमाने दिसते, ज्या क्रमाने तो आजार क्लिनिकमध्ये न जाता सापडणं अवघड आहे. म्हणजे आलेखात दोन गोष्टी मिसळल्या आहेत: संसर्गातला बदल आणि सेवेतला बदल.

इथेही घाई नको. चामखिळींचं निदान आधीपासूनच घटत होतं, कारण इंग्लंडमध्ये मुलींना २००८ पासून एचपीव्हीची लस मिळते आणि २०१२ पासून वापरलेली लस चामखिळींपासूनही संरक्षण देते. मग ती सगळी घट क्लिनिक बंद असण्याच्या खात्यावर कशी टाकणार? म्हणून हर्पिस शेजारी ठेवायचा. त्यावर लस नाही, तरी तोही खूप घसरला. अशी जोडी शोधणं हे संशोधनातलं अर्धं काम आहे.

पुढे २०२२ मध्ये इंग्लंडमध्ये गनोरियाची ८२,५९२ निदानं झाली. १९१८ मध्ये नोंदी सुरू झाल्यापासूनचा तो तोवरचा सर्वात मोठा आकडा. २०२० च्या घटीला "यश" म्हणून कोणी निधी कापला असता, तर काय झालं असतं याचा विचार करा.

ज्यांची नोंदच झाली नाही

क्लिनिकच्या नोंदीत फक्त क्लिनिकपर्यंत पोचलेला माणूस दिसतो. लॉकडाउनमध्ये आईवडिलांसोबत अडकलेली एकोणीस वर्षांची मुलगी फोनवर मोकळं बोलू शकेल का? घरी येणारं पाकीट कोण उघडेल? मारहाण करणारा जोडीदार शेजारच्या खोलीत असेल तर? समोर बसलेल्या नर्सला चेहऱ्यावरून जे कळतं, ते फोनवर निसटतं. म्हणून "तुम्ही आत्ता एकट्या आहात का?" हा प्रश्न फोनवर सुरुवातीलाच विचारणं महत्त्वाचं ठरतं.

ही उणीव भरायला ब्रिटनमध्ये जुलै-ऑगस्ट २०२० मध्ये नॅटसल-कोविड नावाचं सर्वेक्षण झालं. १८ ते ५९ वयाच्या ६,६५४ लोकांना थेट विचारलं, म्हणजे सेवा हवी होती पण मिळाली नाही असे लोकही त्यात आले. पण हे सर्वेक्षणही ऑनलाइन होतं. इंटरनेट नसलेला माणूस तिथेही सुटतो.

आपल्याकडे काय?

आपल्याकडची गोष्ट वेगळी आहे. इथल्या सरकारी सुरक्षा क्लिनिकांमध्ये प्रामुख्याने लक्षणांवरून उपचार होतात आणि औषधांची रंगांनुसार ठरलेली तयार किटं मिळतात. नाव किट असलं, तरी ती तपासणीची नाहीत, गोळ्यांची आहेत. त्यामुळे दोन देशांच्या आकड्यांची तुलना करताना जपून. महासाथीत नॅकोने एचआयव्हीच्या रुग्णांना तीन-तीन महिन्यांची औषधं एकदम द्यायचं धोरण घेतलं, म्हणजे केंद्रावरच्या फेऱ्या कमी व्हाव्यात. २५ मार्च २०२० ला टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वंही आली. पण एका खोलीत सहा माणसं आणि घरात एकच फोन, अशा ठिकाणी फोनवरचा सल्ला कितपत खासगी राहतो, हा प्रश्न आपल्याच कोणीतरी अभ्यासायला हवा.

तुमच्यासाठी एक सराव

कुठल्याही आरोग्य सेवेचा चार-पाच वर्षांचा आलेख घ्या. वाचायच्या आधी त्यावर सेवा कधी बदलली त्या तारखांच्या उभ्या रेघा मारा: क्लिनिक बंद झालं, नवी चाचणी आली, नोंदीचा फॉर्म बदलला. मग वहीत तीन गोष्टी लिहा. किती लोकांची तपासणी झाली? त्या तपासणीला काय दिसू शकत होतं? आणि कोण पोचूच शकलं नाही? तिसऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा त्या डेटात नसतं, ते दुसरीकडून आणावं लागतं.

इंग्लंडच्याच २०२० च्या आकडेवारीत लैंगिक आरोग्य तपासण्या सुमारे २५ टक्क्यांनी घटल्याचीही नोंद होती. ती ३२ टक्क्यांच्या आकड्याशेजारीच होती. मी फक्त बघितली नव्हती.