कोसा येनावर, पाकोळी कशावर?

झाडीपट्टीचे रहिवासी : भाग ६

मोहाडी, आंधळगाव, पवनी इथल्या मागांवर विणल्या जाणाऱ्या कोसा साडीची गोष्ट रानातल्या एका पानापासून सुरू होते. ते पान येनाचं. पुस्तकातला ऐन तो आपल्या झाडीपट्टीतला येन. कोशाच्या, म्हणजे टसरच्या अळ्या येनावर किंवा अर्जुनावर सोडतात, आणि ढिवर कुटुंबं त्यांची पाखरांपासून राखण करतात. एका झाडाचा पाला संपला की अळ्या दुसऱ्या येनावर न्यायच्या. शेजारी कितीही हिरवागार साग उभा असला तरी त्याच्यावर त्या कुणी नेत नाही. सागाच्या पानावर कोसा होत नाही, हे तिथल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं.

कोसा हा पतंग. फुलपाखरं त्याचीच भावंडं, आणि तीही अशीच पानाला बांधलेली असतात. मिश्र जंगल जाऊन तिथे एकाच झाडाची लागवड झाली तर फुलपाखरांचं काय होतं, हा आजचा प्रश्न. त्याचं उत्तर या बांधिलकीत आहे.

फुलपाखराचं पोट दोन वेगळ्या ठिकाणी भरतं. पंख फुटल्यावर ते कुठल्याही फुलावर बसेल, रस पिईल. अळीला मात्र ठरावीक झाडाचंच पान लागतं. म्हणून मादी अंडी घालण्याआधी पानावर उतरते, पायांनी पान चाखते आणि ओळख पटली तरच अंडं ठेवते. कॉमन एमिग्रंटला बहावा चालतो, लाइम बटरफ्लायला बेल किंवा लिंबाच्या कुळातलं झाड, कमांडरला कळंब. मे महिन्यात आपल्याकडे गावंच्या गावं तेंदूपत्त्याला जातात, त्याच तेंदूच्या पानावर बॅरोनेट या नारिंगी फुलपाखराची अळी वाढते. हळदीकुंकू नावाचं देखणं फुलपाखरू आपली अंडी बांडगुळाच्या पानांवर पुंजक्याने घालतं. येनावर कोशाखेरीज ओकब्लू फुलपाखराचाही संसार असतो. त्याच्या अळीच्या अंगातून गोड थेंब पाझरतात. पानं शिवून घरटं करणाऱ्या लाल मुंग्या ते पितात आणि बदल्यात अळीला शत्रूंपासून जपतात. तिथला येन तुटला, तर झाड, मुंगी आणि फुलपाखरू यांची ती सगळी सोयरीक मोडते.

आता सागाकडे वळू. साग आपल्याकडे परका नाही. कोका आणि नागझिऱ्याच्या शुष्क पानझडी जंगलात तो पूर्वापार येन, धावडा, बिजा, मोह, तेंदू, चार यांच्यासोबत वाढत आला आहे. अडचण येते ती साग एकटा उरतो तेव्हा. केरळातल्या नीलांबूरला इंग्रजांनी १८४० च्या दशकात सागाची शिस्तशीर लागवड केली आणि जंगल म्हणजे लाकडाचं शेत ही समजूत रुजत गेली. १९७२ मध्ये राष्ट्रीय कृषी आयोगाने मानवनिर्मित जंगलांची शिफारस केली. १९७४ मध्ये महाराष्ट्राचं वनविकास महामंडळ स्थापन झालं. त्यानंतर विदर्भात कमी किमतीचं मानलं गेलेलं मिश्र जंगल काढून तिथे सागाच्या रांगा उभ्या राहिल्या. बाजाराच्या हिशेबात तेंदू, कळंब, बांडगूळ या साऱ्यांची किंमत शून्य धरली गेली.

अशा लागवडीत फिरताना फरक जाणवतो. झाडं एका वयाची, एका उंचीची आणि ठरावीक अंतरावर. वेली तोडलेल्या, झुडपं साफ केलेली, बांडगूळ दिसलं की छाटलेलं. सागाची रुंद पानं गळतात, त्यांचा जाड थर साचतो आणि उन्हाळ्यात त्यातून वणवा झरझर धावतो. पानांवर, फांद्यांवर, पाचोळ्याखाली मुक्कामाला असलेली अंडी आणि कोष त्यात जळून जातात. सागाची पानं चाळणीसारखी झालेली दिसतात खरी, पण हे काम मुख्यतः पतंगांच्या अळ्यांचं असतं. फुलपाखरांच्या वाट्याला त्या पानांतून फारसं काही येत नाही.

इथे मोजदाद करणाऱ्याची फसगत होऊ शकते. कोवळ्या लागवडीत ऊन भरपूर पडतं, गवत आणि तरोटा माजतो, कडेला रायमुनिया फुलते. मग ग्रास यलो, लेमन पॅन्सी, रुईवर वाढणारा प्लेन टायगर अशी उघड्या माळावरची फुलपाखरं मोठ्या संख्येने येतात. आकडा घटत नाही, कधी वाढतोही. पण ही मंडळी आपल्या बांधाबांधांवर असतातच. ज्यांना दाट सावली, वेली आणि ठरावीक झाड लागतं, ती मुकाट्याने निघून जातात. रायमुनियावर फुलपाखरांची पंगत बसते, पण बाळंतपणाला माहेर लागतं, आणि माहेर म्हणजे अळीचं झाड.

जगातही हेच दिसलं आहे. ब्राझीलच्या अॅमेझॉनमध्ये जारी इथे मूळ जंगल, पुन्हा उगवलेलं जंगल आणि निलगिरीची लागवड यांची तुलना झाली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात फुलपाखरांसह १५ जीवगट तपासले होते. किमान एक चतुर्थांश जाती मूळ जंगलाबाहेर एकदाही आढळल्या नाहीत.

आपल्याकडे जपण्यासारखं बरंच आहे. १९३१ मध्ये डी'अब्रू यांनी जुन्या मध्य प्रांतातल्या १७७ जातींची यादी केली होती. २०११ मध्ये आशिष टिपले यांनी विदर्भातल्या १६७ जाती नोंदवल्या. २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू जाहीर करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य ठरलं. हा मान खरा ठरायचा तर फुलपाखरांच्या पानांनाही मान हवा.

साग लावूच नये असं मी म्हणत नाही. लाकूड लागतं, रोजगारही लागतो. पण लागवडीत नाल्याकाठचा पट्टा न तोडता राखता येतो. येन, तेंदू, कळंब, बहावा यांची जुनी झाडं रांगांमध्ये उभी ठेवता येतात. काही वेली आणि थोडं बांडगूळ सोडून देता येतं. आणि वृक्षलागवडीचा हिशेब मांडताना रोपं किती, याच्यासोबत जाती किती, हा रकाना असायलाच हवा.

पुढच्या वेळी कोक्याच्या वाटेवर उडत्या पाकोळीमागे नजर धावली तर क्षणभर थांबा आणि जवळचं कुरतडलेलं पान शोधा. कोसा राखणारे पिढ्यान् पिढ्या अळीआधी झाड बघत आले. फुलपाखरं राखायची तर आपल्यालाही तिथूनच सुरुवात करावी लागेल.

(पुढील भागात : धानाच्या बांधीत वाढणारं, संध्याकाळी उडणारं इव्हनिंग ब्राऊन)