फटफटीचें तेल : नांव पाहावें कीं काम?



माझे एक स्नेही शिरवळहून साताऱ्यास रोज फटफटीनें कामावर जात. एकदां त्यांनीं गाडीस बाजारांतील अत्यंत महाग तेल घातलें. डब्यावर 'संपूर्ण सिंथेटिक' असें ठळक अक्षरांत छापलेलें होतें. चौथ्याच दिवशीं खंबाटकीचा घाट चढतांना इंजिनाचा आवाज वाढूं लागला, पण गाडीचा वेग कांहीं वाढेना. क्लच गेला, असें त्यांस वाटलें. मिस्त्रीनें क्लचच्या प्लेटी काढून पाहिल्या; त्या शाबूत होत्या. दोष होता तेलाचा. आणि गंमत अशी कीं, तेलही वाईट नव्हतें. तें मोटारगाडीसाठीं केलेलें उत्तम तेल होतें. योग्य तेल घालून तें पुन्हां एकदां बदलल्यावर गाडी पूर्वपदावर आली; पण दोन दिवसांचा रोजगार आणि मिस्त्रीची मजुरी हीं गेलीं तीं गेलींच.

असें कां व्हावें? मोटारींत इंजिनाचें तेल इंजिनापुरतेंच असतें. गिअरपेटीची व्यवस्था निराळी असते. फटफटींत बहुधा एकच तेल तीन कामें करितें. पिस्टन आणि बेअरिंग यांच्यावर तें पातळ पडदा धरितें, गिअरच्या दांत्यांचें रक्षण करितें, आणि क्लचही त्याच तेलांत भिजत असतो. म्हणूनच त्यास ओला क्लच म्हणतात. आतां इंजिनाची मागणी अशी कीं, घर्षण शक्य तितकें कमी व्हावें; क्लचची मागणी अशी कीं, प्लेटींची पकड सुटूं नये. पेट्रोल वांचावें म्हणून मोटारीच्या कित्येक तेलांत घर्षण कमी करणारीं द्रव्यें मिसळलेलीं असतात. मोटारीस तीं उपकारक, पण ओल्या क्लचची पकड त्यांनीं ढिली होते.

ही अडचण ओळखून जपानमधील 'जासो' या मानक-संस्थेनें १९९८ सालीं चार-स्ट्रोक फटफटीच्या तेलासाठीं टी ९०३ हें मानक घालून दिलें. डब्यावर 'जासो एमए', 'एमए१' किंवा 'एमए२' असें असेल, तर तें तेल ओल्या क्लचला चालतें. त्यांतही एमए२ ची पकड अधिक. 'एमबी' हें तेल कमी घर्षणाचें. पट्ट्यावर चालणाऱ्या स्कूटरचा क्लच कोरडा आणि वेगळ्या पेटींत असतो, म्हणून तेथें एमबी शोभतें. तेंच ओल्या क्लचच्या फटफटींत घालूं नये.

दुसरी खूण दाटपणाची. १०डब्ल्यू-४० यांतील 'डब्ल्यू' हें हिंवाळ्याचें इंग्रजी आद्याक्षर होय. पहिला आंकडा थंडींतील वर्तन सांगतो. तो जितका लहान, तितकें तेल थंडींत लवकर वाहतें. दुसरा आंकडा तापलेल्या तेलाचा. १०० अंश सेल्सिअसला ४० श्रेणीच्या तेलाचा दाटपणा १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक यांच्या दरम्यान असतो. ५० श्रेणीचा त्याहून अधिक, म्हणजे २१.९ च्या आंत. विदर्भांतील उन्हाळा कडक म्हणून तेलही जाड घालावें, असें पुष्कळांस वाटतें. परंतु अकारण दाट तेल पेट्रोल खातें आणि गाडी सुरू करतांना अरुंद वाटांतून सावकाश पोहोंचतें. हवेच्या उष्णतेनुसार कोणती श्रेणी चालेल, याचा तक्ता पुष्कळ गाड्यांच्या पुस्तिकेंतच दिलेला असतो. आपल्या तर्कापेक्षां तो तक्ता प्रमाण मानावा.

आतां 'सिंथेटिक' या शब्दाकडे वळूं. तेलाच्या मूळ द्रव्याचे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटनें पांच वर्ग केले आहेत. चौथ्या वर्गांतील तेल लहान रेणू जोडून रसायनशाळेंतल्याप्रमाणें घडविलेलें असतें. एस्टर पांचव्यांत येतात. तिसऱ्या वर्गांतील तेल मात्र खनिज तेलावरच हायड्रोजनची कठोर प्रक्रिया करून मिळवितात. त्यास सिंथेटिक म्हणावें कीं नाहीं, यावर अमेरिकेंत मोबिल आणि कॅस्ट्रॉल यांच्यांत वाद झाला; १९९९ सालीं तेथील जाहिरात-लवादानें तसें म्हणण्यास मुभा दिली. तेव्हां एकाच शब्दाखालीं निरनिराळीं तेलें विकलीं जातात. म्हणून तिसरा वर्ग टाकाऊ ठरत नाहीं. शब्दावरून पारख होत नाहीं, इतकेंच.

सिंथेटिकचे गुण खरे आहेत. तें उष्णतेनें लवकर बिघडत नाहीं, वाफ होऊन कमी उडतें, आणि दाटपणा टिकविणारीं बहुलकें त्यांत कमी घालावीं लागतात. हा शेवटचा गुण फटफटीस विशेष महत्त्वाचा. कारण गिअरच्या दांत्यांत सांपडून तीं बहुलकें तुटतात आणि तेल पातळ पडतें. जोरानें फिरणाऱ्या, फार तापणाऱ्या इंजिनास किंवा घाटांतून नित्य धांवणाऱ्या गाडीस हा खर्च सार्थकीं लागतो. पुस्तिकेनें सिंथेटिकच सांगितलें असेल, तर प्रश्नच उरत नाहीं. पण साध्या, हवेनें निवणाऱ्या लहान गाडीस, पुस्तिका परवानगी देत असेल तर, साधें तेल वेळेवर बदलणें हें महाग तेल उशिरां बदलण्यापेक्षां हितावह. काजळी, पेट्रोलचे थेंब आणि आम्ल हीं सिंथेटिक तेलांतही जमतातच.

तेव्हां डबा हातीं घेतल्यावर प्रश्नांचा क्रम असा ठेवावा : पुस्तिका काय सांगते? जासोचीं अक्षरें कोणतीं? आंकडे जुळतात काय? एपीआयची श्रेणी पुस्तिकेंत सांगितलेली किंवा त्यानंतरची आहे काय? या चारही प्रश्नांचें समाधान झाल्यावरच सिंथेटिक कीं साधें, हें आपल्या गाडीच्या कामावरून आणि खिशावरून ठरवावें. तेल घातल्यावरही अधूनमधून त्याची पातळी पाहावी. उत्तम तेलही कमी पडलें तर इंजिनास वांचवूं शकत नाहीं.

दूधवाला, वायरमन, घरोघर जिन्नस पोहोंचविणारा तरुण, अशा कित्येकांची भाकरी या दोन चाकांवर चालते. त्यांस महाग डब्यापेक्षां योग्य डबा हवा.