बॉम्बर विमानांची साथ सोडण्याचा आदेश

दुसऱ्या महायुद्धात युरोपच्या आकाशात झुंजलेल्या अमेरिकी वैमानिकांविषयी लिहिताना बहुधा कोणी किती विमाने पाडली, याचाच हिशेब मांडला जातो. तो हिशेब खोटा नाही. परंतु त्या लढाईचे पारडे फिरले ते इंधनाच्या टाक्यांमुळे आणि एका अप्रिय आदेशामुळे.

१४ ऑक्टोबर १९४३ रोजी अमेरिकेच्या आठव्या हवाई दलाने इंग्लंडमधील तळांवरून २९१ बी-१७ बॉम्बर विमाने जर्मनीतील श्वाइनफुर्टच्या बॉल बेअरिंग कारखान्यांवर धाडली. सोबतची पी-४७ ‘थंडरबोल्ट’ लढाऊ विमाने आखेनच्या आसपास माघारी वळली, कारण त्यांचे इंधन तेवढेच पुरणारे होते. पुढची वाट बॉम्बर विमानांनी एकट्याने कापली. त्यांपैकी ६० परतलीच नाहीत. एकेका विमानात दहा-दहा माणसे होती.

यावरचे उत्तर ठरले पी-५१ ‘मस्टँग’. अमेरिकेत बनलेले हे विमान मुळात ब्रिटिशांच्या मागणीवरून घडवलेले. पहिल्या इंजिनाची शक्ती अधिक उंचीवर ओसरत असे; ब्रिटिश ‘मर्लिन’ इंजिन बसवताच त्याचे रूप पालटले. पंखांतील टाक्यांखेरीज वैमानिकाच्या पाठीमागे एक टाकी आणि पंखांखाली दोन सुट्या टाक्या असत. पाठीमागची टाकी भरलेली असताना विमानाचा तोल मागे जाई आणि तीव्र वळण जिवावर बेतू शके. म्हणून आधी तीच बरीचशी रिकामी करायची, मग बाहेरच्या टाक्यांकडे वळायचे आणि पंखांतले इंधन झुंजीसाठी व परतीसाठी राखायचे. शत्रू दिसला की बाहेरच्या टाक्या फेकून द्यायच्या. इंग्लंडमध्ये बनलेल्या १०८ गॅलनच्या टाक्या तर चक्क कागदाच्या होत्या! त्यांत इंधन फार काळ टिकत नसे. पण एका फेरीपुरते आयुष्य त्यांना पुरेसे होते.

जर्मनांकडे यावर उतारा होता. किनाऱ्यालगतच हल्ला चढवला असता, तर अमेरिकी वैमानिकांना भरलेल्या टाक्या टाकून द्याव्या लागल्या असत्या. मात्र लढाऊ विमाने टाळून बॉम्बर गाठा, असेच जर्मन वरिष्ठांचे फर्मान होते.

जानेवारी १९४४ मध्ये आठव्या हवाई दलाची सूत्रे जेम्स डूलिटल यांच्याकडे आली. १९४२ मध्ये टोकियोवरील हल्ल्याचे नेतृत्व करणारे ते हेच. तोवर लढाऊ विमानांनी बॉम्बर विमानांचा ताफा सोडायचा नाही, असा दंडक होता. डूलिटल यांनी तो मोडला. जर्मन विमाने शोधा, पाठलाग करा, आकाशात न सापडल्यास धावपट्टीवर नष्ट करा, असा त्यांच्या आदेशाचा आशय होता. लढाऊ वैमानिक हरखले. बॉम्बर तुकड्यांचे अधिकारी मात्र संतापले, आणि त्यांचा संताप रास्तच म्हणावा लागेल. शत्रूला जमिनीवरून वर खेचण्यासाठी त्यांच्या माणसांचे आमिष लावले जात होते.

डाव साधला. जर्मनीला विमाने पुन्हा बांधता येत होती. अनुभवी वैमानिक तसे घडवता येईनात. नवे तरुण अपुऱ्या प्रशिक्षणानिशी लढाईत लोटले जाऊ लागले. ६ जून रोजी दोस्त फौजा नॉर्मंडीत उतरल्या, तेव्हा जर्मन विमाने तेथे अभावानेच दिसली.

त्याआधी ६ मार्चला मस्टँग सोबतीला असूनही बर्लिनवरील एकाच मोहिमेत ६९ बॉम्बर विमाने गमावली गेली. ८ मार्चला उरलेले वैमानिक पुन्हा बर्लिनकडेच निघाले.