हाल गरिबीचे की कायद्याचे?

अमेरिकेतल्या मेक्सिकन शेतमजुरांच्या हालांचा दोष सहसा गरिबीला दिला जातो. पण त्यात कायद्याचाही मोठा हात आहे. १९३५च्या कामगार कायद्याने संघटनेचा हक्क दिला, तो शेतमजुरांना वगळून. १९३८च्या किमान वेतन कायद्यातही तेच झाले. युद्धकाळातल्या मजूरटंचाईमुळे १९४२मध्ये मेक्सिकन मजुरांना तात्पुरत्या करारावर आणणारी ‘ब्रासेरो’ योजना आली आणि १९६४पर्यंत सुमारे ४६ लाख करार झाले. मजुरी, निवारा सगळे कागदावर होते. पण मजूर मालकाला बांधलेला, त्यामुळे तक्रार केली की परत पाठवले जाण्याची भीती. सुरुवातीच्या वर्षांत मजुरीतून बचत म्हणून कापलेले दहा टक्केही अनेकांच्या हाती पडले नाहीत.

‘ते स्वखुशीने आले, गावापेक्षा जास्त कमावले’ हा आक्षेप खोटा नाही, अपुरा आहे. जास्त मजुरीने मालक बदलण्याची मुभा मिळत नाही. ‘हक्क दिले तर शेती परवडणार नाही’ हेही टिकत नाही. दिवसभर कंबरेत वाकवणारी आखूड दांड्याची कुदळ कॅलिफोर्नियाने १९७५मध्ये बंद केली. शेतमजुरांचे नेते सेझर चावेझ, डोलोरेस हुएर्ता यांच्या लढ्यानंतर त्याच वर्षी तिथे संघटनेचा हक्कही मिळाला. तिथली शेती बुडाली नाही. तरीही आजचा हंगामी शेतमजुरांचा एच-२ए व्हिसा मजुराला सहसा एकाच मालकाशी बांधतो. ती गाठ सुटल्याशिवाय बाकीचे हक्क बरेचसे कागदावरच राहतील.