मुक्काम आणि घर

दारी आलेल्या पांथस्थाला भाकरी द्यावी, रात्रीपुरती पाठ टेकायला जागा द्यावी, हा आमच्या मुलखातला जुना शिरस्ता. चिटगुप्प्याच्या रहिवाशाला त्याचे दाखले दूर शोधावे लागत नाहीत. जवळच हुमनाबादेस माणिकनगर आहे. पंथापंथांतील भेद न मानणाऱ्या श्रीमाणिकप्रभूंचे (१८१७-१८६५) ते स्थान. बिदरला गुरुनानक झिरा येथे लंगर चालतो आणि यात्रेकरूंची राहण्याची सोय होते. बसवकल्याणात बाराव्या शतकात बसवेश्वरांनी दासोहाचा विचार रुजविला. कलबुर्गीस शरणबसवेश्वरांनी (१७४६-१८२२) तो जन्मभर आचरला. भाषा निराळ्या, उपासना निराळ्या, पण भुकेल्याला विन्मुख पाठवू नये याविषयी सर्वांचे एकमत आहे.

या थोर परंपरेविषयी आदर बाळगूनच आम्ही एक प्रश्न वाचकांपुढे ठेवू इच्छितो. धर्मशाळा बांधली गेली ती वाटसरूसाठी. तो आज आला, उद्या जाईल, हे तिथे गृहीत असते. पण ज्याला परतायला घरच नाही, त्याचे काय? मुलांनी टाकलेली म्हातारी, मनाचा तोल गेलेला तरुण, लेकराला पोटाशी धरून सासर सोडलेली बाई, यांचा मुक्काम संपत नाही, कारण पुढे वाटच नसते. २०११ च्या जनगणनेत देशातील अशा बेघरांची संख्या सुमारे १७ लाख ७३ हजार भरली होती. एका रात्रीच्या आसऱ्याने यांची रात्र सरते, दुसरा दिवस मात्र आदल्या दिवसासारखाच उजाडतो.

हा भेद ज्यांनी पुरता ओळखला, त्यांत पंडिता रमाबाईंचे नाव अग्रभागी येते. रमाबाईंचा जन्म १८५८ साली आजच्या कर्नाटकातील गंगामूळ येथे झाला. १८८९ साली त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले आणि पुढल्याच वर्षी ते पुण्यास हलविले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली आणल्या. प्लेगाच्या दिवसांत एवढ्यांना पुण्यात ठेवणे शक्य होईना, तेव्हा दौंडजवळच्या केडगावी स्वतःच्या शेतावर त्यांनी त्यांची सोय केली. तेच मुक्ती सदन. १९०० च्या सुमारास तिथे सुमारे दीड हजार माणसे राहत होती. छपरासोबत अक्षरओळख होती. विणकाम, शिवण, शेती, गोठा आणि छापखाना होता. अंध स्त्रियांना ब्रेल लिपी आणि हातकाम शिकवीत. वृद्ध आणि अपंग यांच्यासाठी वेगळी व्यवस्था असे. रमाबाई आणि त्यांची कन्या मनोरमाबाई यांनी पुढे आमच्या गुलबर्ग्यासही शाळा काढली, हे या भागातील वाचकांनी ध्यानी ठेवावे. १९२२ साली रमाबाई निवर्तल्या. केडगावचे काम मात्र थांबले नाही.

या कार्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सदनातील मुली ख्रिस्ती धर्माकडे वळविल्या जातात, या आक्षेपावरून १८९३ साली न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी सदनाच्या सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला. तो वाद अजून शिळा झालेला नाही. आसरा देणाऱ्याचा धर्म कोणताही असो, ज्याला जायला दुसरी जागा नाही, त्याची 'हो' ही खरी संमती म्हणता येईल काय? म्हणून आमच्या मते आसऱ्याच्या मोबदल्यात श्रद्धा मागू नये. प्रार्थनेचे दार उघडे असावे, तिची सक्ती नसावी.

गाडगे महाराजांनी (१८७६-१९५६) तेच केले. पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या आणि स्वतः मात्र फाटक्या घोंगडीतच राहिले. त्यांच्या नावाच्या दादरच्या धर्मशाळेत गावोगावचे कर्करोगी आणि त्यांचे नातलग उपचार चालेतो राहतात. मुक्काम लांबला म्हणून पाहुणा जड होत नाही, हे तिथे दिसते.

आमच्या गावांतील देवळे, मठ, दर्गे आणि चर्च यांना केडगाव उभारता येणार नाही; त्याची गरजही नाही. यात्रेचे चार दिवस सोडता धर्मशाळेच्या कितीतरी खोल्या वर्षभर कुलपात असतात. त्यांतल्या दोन खोल्या दीर्घ मुक्कामासाठी राखून ठेवाव्यात. तिथे राहणाऱ्यास झाडलोट, स्वयंपाक, बागकाम असे झेपेल ते काम असावे आणि त्याची मजुरीही मिळावी. आठवड्यातून एकदा डॉक्टर यावेत. आणि कागदपत्रांचे काम कोणी तरी अंगावर घ्यावे. वृद्धांच्या निवृत्तिवेतनाला पत्ता लागतो, रेशनकार्डाला पत्ता लागतो, आणि बेघराजवळ नेमका तोच नसतो. मान्यताप्राप्त आश्रयगृहाच्या प्रमुखाचा दाखला आधारकार्डासाठी पत्त्याचा पुरावा म्हणून चालतो. विश्वस्तांनी ही मान्यता मिळविली, तर निराधार म्हातारीला प्रथमच कागदावर गाव मिळेल.

आम्ही मराठी माणसे या मुलखात पिढ्यान् पिढ्या राहिलो. आमच्या पूर्वजांनाही कोणी तरी पहिली ओसरी दिली असेल, पहिला पत्ता दिला असेल. अन्नदानाचे पुण्य आमच्या मंडळींनी पुष्कळ जोडले आहे. आता पंगत उठल्यावर जो तिथेच बसून राहतो, त्याची चौकशी करण्याची वेळ आली आहे.