मुद्रणपूर्व फाईलमधील देवनागरी अक्षर : झाडीपट्टीतील नाट्य-भित्तिपत्रकाच्या संदर्भात

प्रस्तावना

गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यातील चोरखमारा हे गाव तेथील तलावामुळे आणि नागझिरा अभयारण्याच्या प्रवेशद्वारामुळे परिचित आहे. हा परिसर झाडीपट्टीत मोडतो. दिवाळीनंतर मंडईचे दिवस सुरू होतात, गावोगावी रात्रीची नाटके रंगतात आणि त्यांची बहुरंगी भित्तिपत्रके चौकाचौकांत झळकू लागतात. अशा एखाद्या गावातील मंडळाने नाटकाचे भित्तिपत्रक काढावयाचे ठरविले, तर मजकूर गावात लिहिला जातो, संगणकीय मांडणी तालुक्याच्या ठिकाणी होते आणि ऑफसेट छपाई बहुधा तिसऱ्याच शहरात. या तिन्ही ठिकाणांना जोडणारा दुवा म्हणजे फाईल. प्रयोगाची तारीख ठरलेली असते. चुकलेले पत्रक पुन्हा छापण्यास वेळ नसतो आणि वर्गणीत तशी तजवीजही नसते. छपाईसाठी फाईल कशी तयार करावी याविषयीचे मार्गदर्शन बहुतांशी रोमन लिपी गृहीत धरून केलेले आढळते. मराठी मजकुराच्या बाबतीत मात्र सर्वांत नाजूक घटक रंग किंवा कागद नसून अक्षर हा आहे. त्याच दृष्टीने प्रस्तुत लेखात फाईल तयार करण्याच्या प्रक्रियेचा विचार केला आहे.

एकाच नावाचे दोन संकेत

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली प्रसिद्ध झाली आणि तीत देवनागरीचा समावेश होता. तथापि, मराठी मुद्रणव्यवसायात त्यानंतरही दीर्घकाळ जुन्या पद्धतीचे फाँट वापरात राहिले. या फाँटमध्ये रोमन अक्षरांच्याच जागी देवनागरी आकृत्या बसविलेल्या असतात. विदर्भात टंकलेखनयंत्राच्या सवयीमुळे रुजलेला ‘कृतिदेव’ हे त्याचे परिचित उदाहरण होय. ‘चोरखमारा’ हे नाव युनिकोडमध्ये आठ चिन्हांनी साठविले जाते. कृतिदेवमध्ये त्यासाठी दहा चिन्हे लागतात. कारण तेथे ‘ओ’ची मात्रा काना आणि मात्रा अशा दोन तुकड्यांची, तर ‘ख’ हा अर्धा ख आणि उभा दंड यांची जोडणी असतो. अर्ध्या ‘ख’ची जागा चौकोनी कंसाची आहे. परिणामी, छपाईस्थळाच्या संगणकावर हा फाँट नसेल तर गावाच्या नावाऐवजी पी, के, एस, जे अशी रोमन अक्षरे आणि मधोमध एक उघडा कंस दिसतो. ही चूक ढळढळीत असल्याने निदान पकडली तरी जाते. खरा घात करतात त्या न दिसणाऱ्या चुका.

न दिसणाऱ्या चुका

युनिकोड मजकुरात ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर साठविली जाते, पण दाखविली जाते त्याच्या आधी. जोडाक्षरे, रफार व वेलांटी यांची ही पुनर्रचना मांडणीच्या आज्ञावलीने करावयाची असते. इनडिझाईनमध्ये भारतीय लिप्यांसाठी अशी सोय सीएस ६ (२०१२) या आवृत्तीपासून अधिकृतपणे मिळाली. पेजमेकरची शेवटची, सातवी आवृत्ती २००१ सालची, तिच्यात ती नव्हती. जुनी आज्ञावली वापरल्यास किंवा नव्या आज्ञावलीत योग्य पर्याय न निवडल्यास वेलांटी भलत्याच अक्षरावर चढते आणि जोडाक्षर उघडे पडून पायमोडके दिसते.

जुन्या फाँटमधील मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करताना अडचण उलट्या दिशेने येते. तेथे वेलांटी आधी आणि रफार नंतर टंकलेला असल्यामुळे रूपांतरकास क्रम बदलावा लागतो. त्यात मराठीचा ‘ऱ्य’ हमखास अडतो. ‘आचाऱ्यांना’ जेवण द्यावयाचे आणि ‘आचार्यांना’ व्यासपीठावर बसवावयाचे, हा फरक या एका खुणेवर अवलंबून आहे. हिंदीसाठी बेतलेल्या अनेक साधनांना तिची जाणीवच नसते.

‘ल’ आणि ‘श’ यांचेही असेच आहे. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ही रूपे मान्य केलेली आहेत. अनेक आधुनिक फाँटमध्ये दोन्ही वळणे असतात; परंतु मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नोंदविली नाही तर हिंदी वळण उमटण्याचा संभव असतो.

अक्षर गोठविणे

यावर व्यवसायात रूढ असलेला उपाय म्हणजे अक्षरांचे ‘कर्व्ह’ करणे, अर्थात त्यांना रेखाकृतीत रूपांतरित करणे. फाँट नसला तरी आकृती शाबूत राहते. मात्र त्यानंतर एक कानाही दुरुस्त करता येत नाही, आणि बारीक टाइपातील अक्षरे काही यंत्रांवर किंचित जाड उमटतात. म्हणून कर्व्ह न केलेली मूळ प्रत स्वतंत्र ठेवणे अत्यावश्यक आहे. दुसरा आणि अधिक शास्त्रशुद्ध मार्ग पीडीएफचा. २००१ साली प्रमाणित झालेल्या पीडीएफ/एक्स-१ए या प्रकारात सर्व फाँट फाईलमध्येच अंतर्भूत असावे लागतात व आरजीबी रंग चालत नाहीत. मुद्रकाशी बोलून हा किंवा नंतरचा, पारदर्शकता स्वीकारणारा पीडीएफ/एक्स-४ निवडावा.

रंग, माप आणि अनुस्वार

पडद्यावरील आरजीबी रंगांचे सीएमवायके या चार शाईंत रूपांतर करणे, कापणीसाठी चारही बाजूंना साधारण ३ मि.मी. जादा रंग सोडणे, हे नियम सर्वत्र सारखेच आहेत. देवनागरीत त्यांचे परिणाम मात्र वेगळे होतात. चार शाईंचा मिळून केलेला काळा रंग बारीक मजकुरास दिला आणि छपाईत पत्रे केसभर सरकले, तर शिरोरेषेला रंगीत सावली येते आणि अनुस्वाराचा ठिपका फुगतो किंवा बुजतो. ‘गावात’ आणि ‘गावांत’ यांतील एकवचन-अनेकवचनाचा भेद त्या ठिपक्यावरच उभा आहे. बारीक मजकूर केवळ काळ्या शाईत, आणि गडद पार्श्वभूमीवरील पांढरी अक्षरे पुरेशा जाड वळणाची ठेवणे इष्ट. ओळींतील अंतरही रोमनपेक्षा अधिक लागते. अन्यथा वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारावर आदळतो.

नटांची छायाचित्रे बहुधा मोबाइलवरून येतात. २० × ३० इंचांच्या पत्रकावर एखादे छायाचित्र पूर्ण उंचीभर घ्यावयाचे आणि त्याची लांब बाजू १६०० बिंदूंची असेल, तर एका इंचास जेमतेम ५३ बिंदू मिळतात. अपेक्षित असतात ३००. तेच छायाचित्र पाच इंचांत मात्र स्वच्छ उमटते. मुख्य नट मोठा दिसावा हा आग्रह येथे आवरता घ्यावा लागतो.

कागदावरील वाचन

फाईल तपासणारी आज्ञावली फाँट अंतर्भूत आहे काय, हे सांगते. अक्षर बरोबर आहे काय, हे सांगत नाही. तुटलेला ‘ऱ्य’ तिच्या लेखी निर्दोषच असतो. झाडीबोलीतील शब्दांबाबत तर स्वयंशुद्धीची सोय अपायच करते. त्या बोलीत ‘ण’च्या जागी ‘न’ येतो; संवादातील किंवा नाटकाच्या नावातील ‘पानी’ला ‘पाणी’ करून टाकणे ही दुरुस्ती नव्हे. म्हणून अंतिम पीडीएफची छापील प्रत काढून ती मूळ हस्तलिखिताशी ताडून, शक्यतो मजकूर लिहिणाऱ्याने स्वतः मोठ्याने वाचावी. नटांची आडनावे, प्रयोगाची तारीख आणि तिचा वार यांवर स्वतंत्रपणे खूण करून मंडळाच्या जबाबदार व्यक्तीची सही घ्यावी, आणि सही झालेल्या फाईलमध्ये त्यानंतर बदल झाल्यास, तो एका अनुस्वाराचा असला तरी, नवी प्रत काढून ती पुन्हा वाचावी.