खुडूक कोंबडी उठवू नका



ऊसनोंदीच्या कामासाठी सिरसाळा गटात फिरत असताना एका वस्तीवर पाणी प्यायला थांबलो. अंगणात घरच्या सूनबाई एका कोंबडीला बादलीत बुडवून काढत होत्या. कोंबडीच्या नाकात पीस आडवे खुपसलेले होते. काय चालले आहे विचारले, तर म्हणाल्या, "खुडूक झालीय साहेब. अंडी देईना अन् जागा सोडंना. गार पाणी लावलं की उठती." ओसरीवर बसलेल्या सासूबाईंना ते पसंत नव्हते. त्या पुटपुटल्या, "बसली की उठवायची. मग पिल्लं काय झाडाला लागत्यात?"

आजींच्या या प्रश्नावर हा लेख आहे. आणि त्यात थोडी चूक माझीही आहे, ती आधीच सांगून टाकतो. काही वर्षांपूर्वी मीच गावोगाव सांगत होतो की गावठी कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते, ती काय कामाची? सुधारित जातीची पिल्ले आणा. अनेकांनी आणली. हैदराबादची वनराजा, बेंगळुरूची गिरिराजा हे पक्षी खरोखर चांगले आहेत. वजन लवकर धरतात, अंडीही गावठीच्या दुपटीवर देतात. पण दोन-तीन वर्षांनी त्याच घरांत गेलो तर खुराडी रिकामी. कोंबड्या म्हाताऱ्या झाल्या, विकल्या, मेल्या, आणि त्यांच्या जागी नवी पिल्ले आली नाहीत, कारण या जातींत खुडूक बसणारी कोंबडी क्वचितच निघते. पुन्हा पिल्ले विकत आणायची तर पुन्हा गाठीचे पैसे. ज्यांनी सुधारित पिल्ले आणताना घरच्या गावठी कोंबड्या विकून टाकल्या, त्यांचा तर दोन्हीकडून तोटा झाला.

खुडूक बसणे हा कोंबडीचा आजार नव्हे. रानकोंबडीपासून आलेला तो तिचा मूळ स्वभाव आहे. मोठ्या फार्मवरच्या पांढऱ्या लेगहॉर्न कोंबड्यांमधून माणसाने हा स्वभाव निवडून निवडून घालवला, कारण त्यांची पिल्ले यंत्र काढते. आपल्या अंगणात यंत्र नाही, वीज कधी जाईल याचा भरवसा नाही. अशा ठिकाणी खुडूक कोंबडी हेच यंत्र. एकवीस दिवस ती ऊब सांभाळते, अंडी दिवसातून कितीतरी वेळा फिरवते, आणि पुढे पिल्लांना चरायला शिकवून घारीपासून वाचवते. एवढे सगळे करणारे यंत्र अजून बाजारात आलेले नाही.

मात्र तिला बसवावे ते वेळ पाहून. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत ऊन चाळिशीच्या वर जाते. अंडी कोंबडीखाली ठेवण्याआधीच नासतात. पावसाळ्यात ओल असते, पिल्लांना रक्ती हगवण लागते. दसऱ्यापासून शिवरात्रीपर्यंतचा काळ उत्तम. म्हणजे आपला गाळप हंगाम तोच पिल्लांचा हंगाम. उन्हाळ्यात खुडूक झालेली कोंबडी उठवली तर मी काही म्हणणार नाही. पण तेव्हाही पाण्यात बुडवू नये. हवेशीर डालग्याखाली तीन-चार दिवस ठेवली की आपोआप उठते.

बसवण्यासाठी अंडी सात दिवसांच्या आतली घ्यावीत. ती माठाजवळच्या गार जागी, निमुळते टोक खाली करून ठेवलेली असावीत. फार मोठी, फार लहान, चिरलेली अंडी बाजूला काढून खावीत. गावठी कोंबडीच्या पंखाखाली दहा-बारा अंडी नीट मावतात. हाव धरून सोळा-सतरा ठेवली की कडेची गार पडतात आणि आळीपाळीने सगळीच बिघडतात. टोपल्यात खाली थोडी माती, वर कोरडे गवत आणि लिंबाचा पाला घालावा, म्हणजे पिसवा होत नाहीत. कुणी लोखंडी खिळा ठेवतात, कुणी कोळसा. त्याने बिघडत काही नाही. सगळी अंडी एकाच दिवशी, रात्री ठेवावीत आणि त्यांवर कोळशाने खूण करावी. दुसऱ्या कोंबडीने त्यात नवे अंडे टाकले तर लगेच ओळखू येते.

कोंबडी दिवसातून एकदा उठून दाणापाणी करते. दाणा आणि पाणी जवळच ठेवले तर ती पंधरा-वीस मिनिटांत परत बसते. सातव्या-आठव्या रात्री मोबाईलची बॅटरी लावून अंडी पाहावीत. आत लाल शिरांचे जाळे दिसले तर जीव आहे. नुसते स्वच्छ दिसले तर ते वांझ समजून काढून टाकावे. अठराव्या दिवसानंतर मात्र हात लावू नये. पिल्लू अडकले म्हणून टरफल सोलणाऱ्या दयाळू लोकांनी जेवढी पिल्ले मारली आहेत, तेवढी मांजरांनीही मारली नसतील.

एक युक्ती आजींनीच सांगितली. दोन कोंबड्या खुडूक असतील तर एकाच रात्री बसवाव्यात. पिल्ले निघाली की दोघींची मिळून एकीच्या पंखाखाली रात्री सरकवून द्यावीत. दुसरी मोकळी होते आणि लवकर अंड्यावर येते. त्यांच्या घरी हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. मला डिप्लोमाच्या अभ्यासात हे कुणी शिकवले नव्हते.

पिल्लांना पहिला दिवसभर दाणा नसला तरी चालते, पोटात अंड्याचा बलक शिल्लक असतो. नंतर ज्वारी-बाजरीच्या बारीक कण्या द्याव्यात. पाणी पसरट ताटलीत, आत खडे टाकून ठेवावे, म्हणजे पिल्ले बुडत नाहीत. पहिले दहा-पंधरा दिवस आईला डालग्याखाली ठेवावे. पिल्ले फटीतून ये-जा करतात आणि घार दिसली की आत पळतात. किड्यांची सोय फुकटात होते. जुन्या मडक्यात ओले शेण आणि पाचट भरून ते वाळवीच्या जागी संध्याकाळी पालथे घालावे. सकाळी आत वाळवी भरलेली असते. झटकले की पिल्ले तुटून पडतात. पाचट जाळू नका असे आम्ही नेहमी सांगतो, त्याचा हा आणखी एक उपयोग.

उसाच्या रानाबद्दल एक धोका सांगितलाच पाहिजे. नांगरामागे आणि सरीत कोंबड्या फिरल्या तर हुमणी वेचून खातात, हे खरे. पण लागणीच्या वेळी आपण सरीत दाणेदार कीटकनाशक टाकतो, आणि कोंबडीला तो दाणा बाजरीसारखाच दिसतो. फोरेटवर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे. जुनी पिशवी अजून कुणाच्या कोपीत पडली असेल तर ती वापरू नये. दुसरी दाणेदार औषधेही कोंबडीला सोडत नाहीत. बेणेप्रक्रियेचे उरलेले पाणी ओढ्यात किंवा अंगणात ओतू नये. दाणेदार औषध टाकलेल्या रानात कोंबड्या सोडू नयेत, आणि तशी मेलेली कोंबडी कुणी खाऊ नये.

आता वंशाचे बोलू. उसाची कांडी लावली की तोच ऊस उगवतो, को ८६०३२ लावला तर को ८६०३२ येतो. कोंबडीचे तसे नाही. पिल्लू निम्मे आईचे, निम्मे बापाचे. म्हणून संकरित पक्ष्यांची घरी काढलेली पिल्ले आईसारखी निघतीलच असे नाही, आणि म्हणूनच कोंबडा निवडणे महत्त्वाचे. आपण नेमके उलटे करतो. पाहुणा आला की सगळ्यांत थोराड कोंबडा कापतो, जत्रेला दुसरा थोराड. मागे राहतो तो किरकिरा, अन् तोच पुढच्या सगळ्या पिल्लांचा बाप होतो. खोडव्यातला काणी लागलेला ऊस बेण्याला कुणी वापरील का? मग कोंबड्याला हा न्याय का नाही? आठ-दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरतो. तो पायाने भक्कम, चरण्यात तरबेज असावा, आणि जिने सर्वांत जास्त पिल्ले वाढवून दाखवली अशा आईच्या पोटचा असावा. अशा आईच्या तलंगा विकू नयेत. पायाला रंगीत दोरा बांधला की कोण कुणाची ते लक्षात राहते.

तोच कोंबडा दीड-दोन वर्षे ठेवला की तो स्वतःच्याच लेकींवर चढतो. मग अंडी फळत नाहीत, पिल्ले अशक्त निघतात. दर दीड वर्षाला बाहेरगावचा कोंबडा आणावा. ही सोय आपल्या दारातून जाते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड टोळ्या दरवर्षी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. ट्रॉलीत भांडीकुंडी, लेकरे, आणि वर बांधलेले कोंबड्यांचे डालगे असते. टोळीतल्या बाईजवळचा कोंबडा दहा गावांचे पाणी प्यालेला असतो. पण नवा पक्षी, मग तो टोळीकडून आणलेला असो की बाजारातून, पंधरा दिवस वेगळा ठेवल्याशिवाय कळपात सोडू नये.

कारण मानमोडी. हिचेच नाव राणीखेत. हिमालयाच्या कुशीतल्या कुमाऊँ भागात राणीखेत येथे १९२७ च्या सुमारास हा रोग आपल्या देशात ओळखला गेला, म्हणून ते नाव. गंमत म्हणजे त्याच भागातल्या मुक्तेश्वरच्या सरकारी संस्थेत पुढे त्यावरची आरटूबी ही लस तयार झाली. 'नैसर्गिक पद्धत' म्हणजे लस नको, असा काहींचा समज आहे. मला तो मान्य नाही. दाणा, ऊब, चराई सगळे निसर्गाचे असू द्या, पण मानमोडी आली की आठ दिवसांत वस्ती साफ होते. ज्या आजींची गोष्ट वर सांगितली, त्यांच्याकडे नंतर हेच झाले. एकतीसपैकी चार कोंबड्या राहिल्या. त्या वर्षी उसाचे बिल यायला अवकाश होता, आणि नातवाच्या शाळेची फी अंड्यांवर चालली होती. लस का दिली नाही, असे विचारले तर सूनबाई म्हणाल्या, "गेले होते साहेब. दवाखान्यात म्हणाले, तीस कोंबड्यांसाठी शंभराची बाटली फोडायची कशी?"

अडचण खरी आहे. बाटली शंभर-दोनशे मात्रांची असते, बर्फात ठेवावी लागते आणि फोडल्यावर दोन तासांत संपवावी लागते. एकटे घर गेले की रिकाम्या हाताने परत येते. पण दहा-बारा घरांच्या कोंबड्या मिळून शंभर सहज भरतात. पाचव्या ते सातव्या दिवशी पिल्लाच्या डोळ्यात लासोटाचा एक थेंब, आठव्या आठवड्यात पंखाखाली आरटूबीची सुई, आणि मध्ये देवीची लस. एवढे पशुवैद्यकांकडून करून घ्यावे. पक्षी डालग्याखाली असतात तेव्हा, म्हणजे पहाटे किंवा दिवे लागल्यावर, हे काम करावे.

आणखी एक. कोंबड्या एकाएकी ढिगाने मेल्या तर त्या ओढ्यात, कालव्यात टाकू नयेत, विकू तर मुळीच नयेत. दवाखान्यात कळवावे. जानेवारी २०२१ मध्ये परभणी तालुक्यातल्या मुरुंबा गावी बर्ड फ्ल्यू निघाला, त्याच सुमारास आपल्या जिल्ह्यात पाटोदा तालुक्यात मेलेल्या कावळ्यांतही तो सापडला. तो परभणीपुरता राहील असे समजू नये.

सिरसाळा गटातल्या ज्या वस्त्यांवर मिळून शंभर पक्षी भरतात, त्यांनी पुढल्या ऊसनोंदीच्या वेळी चिटबॉयजवळ घरांची नावे व पक्ष्यांची संख्या लिहून द्यावी. लसीचा दिवस ठरवण्याचे मी बघतो. ज्यांच्याकडे जादा चांगला कोंबडा आहे त्यांनी तेही लिहावे, गाव वेगळे असेल तर अदलाबदल करून देता येईल. आजींच्या उरलेल्या चारपैकी एक कोंबडी परवा खुडूक झाली आहे. तिच्याखाली ठेवायला बाहेरगावच्या कळपातली दहा ताजी अंडी हवी आहेत. कुणाकडे असतील तर गट कार्यालयात निरोप द्यावा.